डाव्या दाराचा स्पीकर

बाबा,

तुमच्या व्हॅनमधला अ‍ॅम्प काल बंद पडला. लाल दिवा लागला आणि गाणं मधेच तुटलं. जळला नाही, घाबरू नका. तुमच्यापेक्षा चिवट निघाला. आईला ऐकू येईना म्हणून मी डाव्या दारात तुमच्या स्पीकरच्या जोडीला आणखी एक लावला, सरळ तारेला तार जोडून. चार ओहमचे दोन असे जोडले की दोनच ओहम उरतात आणि अ‍ॅम्पवरचा भार दुप्पट होतो, हे आपल्या जाम गावच्या चौकात माझ्याइतकं कोणाला पाठ नसेल. लग्नाच्या गाड्यांवाले येतात, "अजून एक लाव ना ताई, आवाज वाढन," म्हणतात आणि मी त्यांना परत पाठवते. काल माझीही तीच गत झाली.

अशाच एका जीपवरून तुम्ही मला झापलं होतं. तुम्ही अ‍ॅम्पवर उलटा हात ठेवलात, आई ताप बघते तसा, आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणालात, "काऊन घाई करून राह्यली? स्पीकर वाढले का जोर वाढते, असं नसते पोरी. आंधी मीटर लावजो." तेव्हा फार राग आला होता. माझ्या लग्नात नातेवाइकांनी भांडी दिली आणि तुम्ही ओहम मोजायचं मीटर दिलं. सासरच्यांना ते कसलं यंत्र आहे तेच कळेना. "साडेतीन दाखवलं का चारच समजजो," एवढाच तुमचा आशीर्वाद. तो संसार टिकला नाही, मीटर अजून चालतं.

तुम्ही गेल्यावरही व्हॅन मी विकली नाही. ती आता चालत नाही, दुकानासमोर उभी असते. दुकान आवरायच्या वेळी आई डाव्या सीटवर येऊन बसते, तुमच्या शेजारी बसायची तशीच. तिला उजव्या कानाने आधीपासूनच कमी ऐकू यायचं, म्हणून डाव्या दारात तुम्ही दुकानातला सगळ्यात चांगला स्पीकर बसवलात आणि तिला कधी सांगितलं नाही. मला तो दाराचं आवरण खोलल्यावर कळला. ती गाण्याबरोबर गुणगुणायची, त्यावरून मी समजायचे की पोचतंय. या उन्हाळ्यात ते गुणगुणणं थांबलं. वर्ध्याचे डॉक्टर म्हणतात, नस गेली, कानाच्या मशीनचाही फायदा नाही. त्यांचं खरं असेल. पण मला दुसरं काय येतं? मी स्पीकर जोडत बसले.

आज तुमच्या पद्धतीने केलं. चार स्पीकर घेतले, दोन-दोन एकामागे एक जोडले, मग त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी. मीटरवर साडेतीन, म्हणजे चारच. चार स्पीकर, तरी भार एकाचाच. अ‍ॅम्पवर उलटा हात ठेवून पाहिला, नुसता कोमट. आवाज असा की समोरच्या चहावाल्याने कानात बोटं घातली. आई समोर बघत बसून होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लाव ना आता." बाबा, जुळवण्यासारखं होतं ते सगळं जुळवून झालं होतं. मी रडले, आणि डेक बंद केला.

तेवढ्यात नागपूरकडून ट्रकांची रांग आली. जामचा चौक तुम्हाला माहीत आहे, ट्रक गेले की अख्खी व्हॅन थरथरते. आईने दारावर तळहात टेकवला आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आता लागलं पाह्य," ती म्हणाली. "तुह्या बाबाच्या आवडीचं हाय." आणि गुणगुणायला लागली, अगदी सुरात. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "वाजून राह्यलं ना?"

मी मान हलवून हो म्हटलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि व्हॅनमध्ये तर ठेवायचंच नाही. आईला वाचता येतं.