सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न

लाडक्या लंबूस,

काल माझ्या निरोप समारंभात तू कठडा धरून एकेक पायरी चढलीस आणि माइकवर म्हणालीस, "गुडघ्याचं वाटोळं मीच केलं. फायनलआधी मॅडमनी विचारलं होतं, मीच दुखत नाही म्हटलं." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून शाल घेतली.

विचारलं होतं, खरंय. पण दुखणं मी नेहमी अख्ख्या टीमसमोरच विचारायचे. अकरा जणी बघत असताना कुठली पोरगी "हो" म्हणणार? कॉलेजच्या कपाटातले निम्मे कप त्या युक्तीचे आहेत.

हे काल तोंडातून फुटलं नाही, आणि पत्र पाठवायचंही धाडस होणार नाही.

तुला बाजूला घेतलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस. म्हणूनच घेतलं नाही.

तुझ्या नजरेला नजर न देऊ शकलेली,
कोच मॅडम