परत कुणी आणलं?

४ जानेवारी २०२५, शनिवार

मार खाऊन सासरी परत गेलेल्या बायकांवरच्या माझ्या संशोधनातली सदतिसावी मुलाखत झाली एकदाची! उचगावला, तिच्या मावशीच्या घरी. वर्षाराणी, वय सव्वीस, सासर आमच्याच गडमुडशिंगीत. तीनदा मार खाल्ला, तीनदा पोलिसात अर्ज दिला, तीनदा ‘मिटवलं’. डावं मनगट अजून प्लॅस्टरमध्ये. महिना झाला, इथं लपून राहिलीय. तिच्या वकीलबाईंनी माझा नंबर दिला म्हणून भेट तरी झाली.

शब्द दिला तिला — तुझं नाव, तुझा पत्ता कुणाला कळणार नाही. माझ्या कागदांत तू फक्त सदतीस.

‘परत कुणी आणलं?’ हा माझा ठरलेला प्रश्न. म्हणाली, “गावातली मोठी मानसं.” कोण, म्हटलं, तर मान हलवली. “नावं नगंत, मॅडम.” मी ‘पंच’ लिहिलं आणि पुढं गेले.

आप्पा समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसले होते. मला गाडी चालवता येत नाही. शाळेतून रिटायर झाल्यापासून तेच मला स्कूटरवरून गावोगाव फिरवतात. कोण, काय, कशाला — एका शब्दानं विचारत नाहीत. असा बाप किती जणींना मिळतो!

८ जानेवारी

दिवसभर तक्ता. डोळे चुरचुरतायत, पण सापडलं! सदतीसपैकी तेवीस जणींना सणाच्या आधीच्या आठवड्यात परत आणलंय. नागपंचमी, गौरी, दिवाळी. सणाला सून घरात पाहिजे ना! चार पावणे जातात, नारळ-तांदळानं ओटी भरतात, नवरा सगळ्यांदेखत शब्द देतो. सण उलटला की पंधरा दिवसांत पुन्हा मार. आणि पोलिसांच्या कागदावर ‘आपसांत मिटले’. मिटलं कसलं डोंबलाचं!

जेवताना आप्पांना सांगितलं. म्हणाले, “कागदावर सगळं वाईटच दिसतं गं. जोडणारीही माणसं असतात.” शाळामास्तर तो. चांगलंच बघणार. आई भाकरी वाढत राहिली.

९ जानेवारी

कॉलेजात चार तास. काही लिहायला जीव नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी शालूबाईंचा फोन. वर्षाराणीची मावशी. नुसत्या ओरडत होत्या. “नेली की वो पोरीला! चार मानसं आलती. नारळ, तांदूळ, हिरवी साडी — सगळं घिऊनच आलती. ती ‘न्हाय, न्हाय’ म्हनतीया आणि ही मानसं ओटी भरत्यात! संक्रांत तोंडावर आलीया म्हनं!”

पत्ता कुणी दिला? मी विचारलं. मी!

“तुमच्यासंगं स्कूटरवर आलतं त्ये म्हातारं. टपरीवर बसलेलं. त्येनंच कडी वाजवली. म्हनून तर दार उघडलं मी. वाटलं, तुमीच आलाय.”

फोन ठेवला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आप्पा अंगणात चष्मा पुसत बसलेले. तुम्ही गेला होता? “हो, मीच.” सरळ म्हणाले, लाज नाही काही नाही! त्या दिवशी ती दारात कपडे वाळत घालताना दिसली म्हणे. सम्राटचा — तिच्या नवऱ्याचा — बाप यांचा जुना विद्यार्थी. “आजवर एकोणीस संसार जोडलेत मी. तू नुसती मोजतेस.”

तिचं मनगट बघितलंत का?

“पोरानं माझ्या पायावर हात ठेवून शब्द दिलाय.”

शब्द मीही दिला होता, आप्पा!

म्हणाले, “हळू बोल. शेजारी ऐकतील.”

आत जाऊन तक्ता काढला. माझ्या गावातल्या चार बायका आहेत त्यात. चौघींनी तेच सांगितलंय — ‘मोठी माणसं’. नाव एकीनंही घेतलं नाही. मला वाटलं, घाबरतात. घाबरत होत्याच, पण माझ्यासमोर! मी कुणाची लेक ते त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

आणि मी दरवेळी ‘पंच’ लिहून पुढं गेले.

१३ जानेवारी, भोगी

वकीलबाईंना घेऊन सम्राटच्या घरी गेले. वर्षाराणी दारात आली. नवी साडी, उजव्या हातात कोपरापर्यंत चुडा. मागं सासू उभी. “मी बरी हाय. जावा तुमी.” माझ्याकडं बघितलंच नाही.

पोलिसात गेलो. “ती स्वतः सांगतीया बरी हाय, मग तुमची काय तक्रार?”

बॅग भरून कॉलेजातल्या अनुजाकडं राहायला आले. निघताना आप्पा म्हणाले, “सणासुदीला घर सोडतेस?” फार लागलं ते. एवढं प्रेम केलं ह्या माणसावर.

१४ जानेवारी

संक्रांत. आप्पांचे तीन फोन. उचलले नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

सरकारी दवाखान्यात वर्षाराणी. आता उजवा हात. सण उलटून नऊ दिवस. डोळा सुजलेला, आवाज मात्र खणखणीत. “लिवा सगळं. आता न्हाय मिटवायचं. कोर्टात जातो मी.”

नवा फॉर्म काढला. तारीख. जखमा. कशानं मारलं. मग सवयीनं पुढचा प्रश्न तोंडातून गेला — परत कुणी आणलं?

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

“तुमीच की.”

लिहून घेतलं.