वोल्पोकरणीचं नाव

चिंगदाओ,
रविवार, २ नोव्हेंबर

चि. ग्यू-हो,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुम्हीही बरे असाल, आणि आईचा गुडघा थंडी पडायच्या आतच कुरकुरायला लागला असेल. मलम पाठवलंय. ते गुडघ्याला लावायचं असतं, शेजारणींना वाटायचं नसतं, एवढं तिला सांग.

पत्र बघून हसशील, मोबाइल असताना ताईला हे काय सुचलं म्हणून. अरे, मोबाइलवर लिहिलेलं तू अर्धं वाचतोस आणि खाली अंगठा ठोकून मोकळा होतोस. मी लिहिलं, 'लेबलं अजून छापू नकोस.' त्यावर तुझा अंगठा आला, आणि पाठोपाठ छापून आलेल्या लेबलांचा फोटो. म्हणून यावेळी कागद.

महिनाअखेरीला तू करारावर सही करायला येतोयस. यंदाच्या युजाचा सगळा मुरांबा तुझे दाजी इथे विकणार, आणि या भरवशावर तू सोलच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून बसलायस. म्हणजे मागे फिरायची वाट तूच बुजवलीस. आता निदान पुढची तरी नीट बघ. माल घेऊन या बंदरात उतरलेली आपली कितीतरी माणसं मी पाहिलीत. त्यांचं बोलणं चिनीत आणि चिन्यांचं बोलणं कोरियनमध्ये सांगणं हाच माझा धंदा. त्यांना मी पैसे घेऊन सल्ला देते, तुला फुकट देतेय, त्यामुळे तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे.

पहिलं, लेबल. त्यावर तू 'युजा' चिनी अक्षरांत छापलंयस. अक्षरं बरोबर आहेत, पण तीच अक्षरं इथे पपनसाला वापरतात. तू पाठवलेली नमुन्याची बाटली घेऊन मी आमच्या खालच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, चमचा घातला आणि म्हणाल्या, "मस्त आहे. पण यात पपनस कुठंय?" मी म्हटलं, पपनस नाही, युजा, आमच्याकडचं लिंबासारखं आंबट फळ. "मग लिहिलंय काय?" त्यांचं चुकलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर फसवलं म्हणून बाटली परत आणून आपटली असती. तेव्हा समोर फळाचं चित्र घाल, चांगलं खडबडीत, पिवळंधमक, आपल्या बागेतलं. अक्षरं कोणती लावायची ते मी बघते.

दुसरं, बाटली. एवढी मोठी बरणी इथली मुलगी ऑफिसात कुठे ठेवणार? एका कपापुरत्या पुड्या कर. आईला हे आवडणार नाही. तिच्या मते मुरांबा बरणीतच मुरतो. बरणीत मुरू दे की, पुडीत नुसता भरायचाय.

तिसरं, जेवण. इथले लोक तुला मोठ्या गोल टेबलावर बसवतील, मान म्हणून माशाचं डोकं तुझ्याकडे करतील आणि प्याले भरतील. तुला दोन प्याल्यांत जग भावासारखं दिसायला लागतं, हे आपल्या अख्ख्या गोहुंगला ठाऊक आहे. टेबलावर मिळालेला होकार सकाळी उतरतो. कोण काय कबूल करतंय त्यापेक्षा कोण काय विचारतंय त्याकडे लक्ष दे. जो बाटली फुटली तर भरपाई कोण देणार असं विचारतो, त्याला खरोखर माल हवाय. जो नुसता "आपण भाऊ भाऊ" करतो, त्याच्याबरोबर गाणी म्हण आणि घरी ये.

चौथं. अख्ख्या देशाची विक्री एकाच माणसाच्या हातात देऊ नकोस. एक शहर दे, एक वर्ष दे, बघ, मग पुढचं. कुणालाही देऊ नकोस. घरातला असला तरी.

म्हणजे मी सर्वसाधारण सांगतेय. 

पाचवं नावाचं. ते उद्या लिहिते, गॅसवर कोबी आहे.


मंगळवार

उद्या म्हटलं आणि मंगळवार उजाडला. काल दिवसभर एका कारखानदाराबरोबर होते. त्याला बटणं विकायची होती आणि समोरच्याला बटणं सोडून बाकी सगळ्या गप्पा मारायच्या होत्या. घरी आले, कागद काढला, परत ठेवला. कपाट आवरलं. आवरलेलंच होतं, तरी आवरलं.

इथून पुढचं आईला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, पुढे ताईने नुसते सरकारी नियम लिहिलेत. ती लगेच पेंगायला लागेल.

ग्यू-हो, इथे नाव आधी कोण वापरत होतं याला फारशी किंमत नाही. आधी नोंदवलं कुणी, त्याला आहे. मागे आपल्याकडचा एक म्हातारा वाळवलेलं समुद्री शेवाळ घेऊन आला होता. माल बंदरात अडला, कारण पाकिटावरचं नाव इथे आधीच कुणीतरी नोंदवलेलं. म्हातारा म्हणाला, "अहो, हे माझ्या आजोबांचं नाव आहे." अधिकारी बिचारा सभ्य होता. म्हणाला, "असेल. पण इथे ते दुसऱ्याचे आजोबा आहेत." ते वाक्य मला त्या म्हाताऱ्याला कोरियनमध्ये सांगावं लागलं.

आपलं नाव तर आजोबांचंही नाही. आईचं आहे, आणि तेही तिचं स्वतःचं नाही, तिच्या माहेरच्या गावाचं, वोल्पोचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती गावाला 'वोल्पोकरीण'. बाजाराच्या दिवशी बायका बरण्या घेऊन यायच्या त्या 'वोल्पोकरणीचा मुरांबा द्या' म्हणत. तिचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा माहीत नाही. तू बरण्यांवर 'वोल्पोकरीण' छापलंस तेव्हा ती लाजली होती, आणि नंतर एक बरणी घेऊन माहेरी जाऊन आली. भावांना दाखवायला.

चिनी अक्षरांत वोल्पो म्हणजे चंद्राची खाडी. मीच बसवली ती अक्षरं. जेवताना कागदी रुमालावर लिहून तुझ्या दाजींना दाखवली. ते कितीतरी वेळ बघत बसले. म्हणाले, "हे नाव स्वतःच्या पायावर चालेल. याला जाहिरात नको."

फोनवर मी तुला विचारलं, नाव नोंदवलंस का? तू म्हणालास, "दाजी बघतायत."

हो. दाजींनी बघितलंय.

माझा हात दुखतोय आता.


शुक्रवार

आज सगळं लिहिते. पत्र का लिहितेय तेही. आपल्या घरच्या मोबाइलच्या गटात तुझे दाजी आहेत, त्यांना आता कोरियन छान वाचता येतं, आणि तुझ्या पोटात काही राहत नाही. मी तुला फोन केला असता, तर तू पुढच्या मिनिटाला त्यांना केला असतास. "दाजी, ताई काय म्हणतेय बघा." केला असतास की नाही?

मागच्या आठवड्यात चू म्हातारा जेवायला आला होता. दाजींचा जुना भागीदार, तू त्याला प्रदर्शनात भेटलायस, सतत दात कोरत असतो तो. मी शिंपले केले होते. दोघं बिअर घेऊन बसले, मी लसूण सोलत होते. चू म्हणाला, "लुआन, तुझ्या बायकोने नाव काय काढलंय रे. चंद्रखाडी. ऐकूनच तहान लागते. बरं झालं वेळेवर खिशात घातलंस. आता मेहुणा कुठे जातोय?"

लुआन माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिंपले गार होतायत, खा."

मी लसूण सोलत राहिले. एवढ्या लसणाचं मला काही करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मला गाडीतून कामावर सोडायला निघाला, तेव्हा सिग्नलला विचारलं.

"नाव कुणाच्या नावावर केलंस?"

"कंपनीच्या."

"कुठल्या?"

"माझ्या. दुसऱ्या कुणाच्या करणार?"

"ग्यू-होच्या का नाही?"

"ग्यू-होला इथे कोण ओळखतं? मी केलं नसतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, मग तुम्ही बहीणभाऊ गळ्यात गळे घालून रडला असता. घरातल्या घरात आहे ना? बिघडलं कुठे?"

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सही झाल्यावर सांगणारच होतो."

"आधी सांगितलं असतं तर?"

तो हसला. रागाने नव्हे, लहान मुलाला समजवावं तसा. म्हणाला, "आधी सांगितलं तर तो घासाघीस करत बसेल. तुझा भाऊ माणूस सोन्यासारखा आहे, पण धंद्यात कच्चा. दुसरीकडे जायला रस्ताच उरला नाही, की आपोआप शहाणा होईल."

मी दार उघडून उतरले. सिग्नल अजून सुटला नव्हता. मागचे हॉर्न वाजवत होते.

ग्यू-हो, तो वाईट नाही. आई इथे आली होती तेव्हा तिला टेकडी चढवेना, तर यानेच तिला पाठीवर घेतलं आणि वर नेऊन समुद्र दाखवला. आई अजून सगळ्यांना ते सांगते. जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा, असं म्हणता म्हणता तिने त्याला कधीच मुलगा करून टाकलंय. तुझ्या लग्नात तो तुझ्याहून जास्त नाचला. या माणसाने मला परक्या शहरात कधी परकं वाटू दिलं नाही. त्याचा मला राग येतोय म्हणून लिहीत नाहीये. राग आला असता तर सोपं होतं, मी भांडून मोकळी झाले असते. मला भीती वाटतेय. कारण त्याचं बोलणं ऐकताना अर्ध्या वाटेपर्यंत मलाही ते पटत होतं.

सही केलीस तर काय होईल ते उघड सांगते. तू इथे दुसऱ्या कुणाला माल द्यायला गेलास, तर तुझ्याच बरण्या बंदरात अडतील. आईचं नाव आईच्या मुरांब्यावर लावायला तुला लुआनची परवानगी लागेल. आज तो भाव बरा देईल. उद्या चू म्हातारा त्याच्या कानाशी लागेल. आणि परवा तो ते नाव दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यात, साखर आणि रंग घातलेल्या पाण्यावर चिकटवेल, आणि तेही घरातल्या घरातच असेल.

परवा मी एका वकीलबाईंकडे गेले. नोंदणी अजून पक्की झालेली नाही. ज्याला हरकत असेल त्याने ती घ्यावी म्हणून थोडे दिवस देतात, ते चालू आहेत. बाई म्हणाल्या, "नुसतं 'नाव आमचं आहे' म्हणून भागणार नाही. अर्ज करणाऱ्याला ते नाव आधीपासून माहीत होतं आणि मूळ मालकाशी त्याचा संबंध होता, हे दाखवावं लागेल. दाखवेल असं कुणी आहे?"

"मी आहे."

"तुम्ही कोण?"

"बायको."

"मालकाची?"

"अर्जदाराची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मोठ्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाल्या, "ताई, घरी जा, दोन दिवस विचार करा."

मी म्हटलं, "घरी विचार होत नाही म्हणून तर इथे आले."

तर आता तू काय करायचंस ते ऐक. सोलच्या व्यापाऱ्याला हे पत्र मिळाल्या मिळाल्या फोन कर. नाक घासावं लागलं तर घास, पण निदान अर्धा माल त्याला दे. तिकीट रद्द करू नकोस. ठरल्या दिवशी ये, मात्र आमच्या घरी उतरू नकोस. वकीलबाईंचा पत्ता पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर आहे, थेट तिथे ये. मी तिथे असेन. येताना बरण्यांची जुनी लेबलं आण, आणि प्रदर्शनातला तो फोटो, तू नमुने मांडतोयस आणि लुआन तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे तो. लुआनला फोन करून शिव्या देऊ नकोस. आपल्या कारखान्यातल्या माणसांना काही सांगू नकोस. तू परतल्यावर आईने विचारलंच, की जावई का आला नाही बरोबर, तर म्हण, कामात आहे. पुढचं मी येऊन सांगेन. ते तुझ्या तोंडून तिने ऐकायचं नाही.

वकीलबाईंकडच्या कागदावर मला लिहून द्यायचंय की, अर्जदाराने हे नाव माझ्याकडून ऐकलं, माझ्या घरात, माझ्या हातचं जेवताना. त्यावर मी सही करणार आहे. नंतर या घरात मला जागा उरेल की नाही, ते मला ठाऊक नाही. त्याच्या पाठीमागे मात्र करणार नाही. त्याने तुझ्या पाठीमागे केलं, तेच मी त्याच्या पाठीमागे केलं, तर मग मी कुठल्या तोंडाने बोलू? सगळं त्याला समोर बसवून सांगणार आहे.

पण आधी हे पत्र टपालात टाकते, मग त्याला सांगते. उलटं केलं तर तो मला समजावेल, आणि ग्यू-हो, मी समजेन.

तुझी ताई, आणि साक्षीच्या कागदावर पूर्ण लिहायचं म्हणून इथेही पूर्ण लिहिते,
सोंग मी-रान,
अर्जदार लुआन यांची पत्नी