कारभारी अमेरिकेत

तिसगाव, ता. पाथर्डी,
जि. अहमदनगर
१२ फेब्रुवारी १९९६

चिरंजीव कानिफनाथ यास,

आईचे आशीर्वाद. रश्मीलाही आशीर्वाद आणि संस्कृतीच्या दोन्ही गालांवर एकेक पापा.

तिचा बर्फातला फोटो पोचला. आप्पांनी तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आहे आणि येईल त्याला दाखवतात. तुझी बनुआत्या म्हणाली, "एवढं गुंडाळलंय लेकराला, आमची नात हाय का दुसऱ्याची, कळायचं कसं?" आप्पा म्हणाले, "नाक बघ की. माझं नाक हाय." टोपी आणि मफलर यांच्यामध्ये खरोखर तेवढंच दिसतं आहे.

इकडे थंडी ओसरत आली. ज्वारी कापणीला आली आहे. यंदा आपण हुरडा केला नाही, राहूनच गेलं. मी निवृत्त झाले तरी शाळेतल्या दोघीतिघी मुली इंग्रजी विचारायला संध्याकाळी येतात. परवा त्यांच्याकडून एक कविता पाठ करून घेताना मला एकदम नगरचं कॉन्व्हेंट आठवलं. तो लांब व्हरांडा, धुतलेल्या फरशीचा वास, आणि आमच्या सिस्टर आग्नेस हातातल्या पेन्सिलीने टेबलावर ताल धरत उभ्या. भिंगार कॅम्पातल्या कारकुनाची मुलगी मी. लग्न होऊन या गावात आले तेव्हा ही भाषा इथे कुणाशी बोलायची हा प्रश्न पडला होता. मग तू झालास. तुला मांडीवर घेऊन मी इंग्रजी बोलायची आणि आप्पा दारात बैलाला पेंड घालता घालता ऐकत राहायचे. त्यांना एक शब्द कळत नसे. पण बैलालासुद्धा गप्प करायचे.

आप्पा दुपारभर ओट्यावर बसतात. थोडं जेवतात. मळ्यात जायचं सोडलं आहे, तुझा मच्छिंद्रकाका दोन्ही घरची शेती बघतो. 

वकिलातीतून आप्पांच्या व्हिसाला नकार आला त्याला आता बरेच दिवस झाले. त्या दिवशी नक्की काय झालं ते तू फोनवर विचारलंस, आणि मी सांगायला लागले तर तू पुरतं ऐकून घेतलं नाहीस. तुझी चूक नाही. तू तिकडे डॉक्टर ठरवला होतास, रश्मीने तिच्या हॉस्पिटलात सगळ्यांना गळ घातली होती, आप्पांसाठी खोली लावून ठेवली होती. मी तुझ्या जागी असते तर मलाही राग आला असता. पण आता शांतपणे वाच.

आम्ही सकाळी उजाडताच रांगेत उभे होतो. आप्पांनी नवं धोतर, कोट आणि तो अबोली फेटा घातला होता. रांगेत सगळे पँटवाले. मागच्या एका गृहस्थाने विचारलं, "आजोबा, इंग्रजी येतं का?" आप्पा म्हणाले, "मला कशाला? आमच्या मंडळी कानवेंटच्या हायत." पुढच्या, मागच्या, सगळ्यांना सांगून झालं. मी लाजून पदर सारखा करत होते, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

आत काचेच्या पलीकडे एक तरुण बाई होती. फार सभ्य होती. तिने आप्पांना खुर्ची द्यायला लावली. त्यांचा मराठी दुभाषा त्या दिवशी नव्हता, म्हणून मला म्हणाली, ते सांगतील ते तुम्ही जसंच्या तसं मला इंग्रजीत सांगा. 

तिने विचारलं, तिकडे किती दिवस राहणार? 

आप्पा म्हणाले, "ते मला नका इचारू बाई. कारभारी माझा पोरगा हाय. त्यो म्हनंल तवर ऱ्हायचं."

मी सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, इथे तुमच्या नावावर जमीन आहे का?

"व्हती. आता पोराच्या नावावर केली."

मग ती थोडी पुढे झुकली. मला वाटतं तिला मदतच करायची होती. म्हणाली, उपचार झाल्यावर तुम्ही परत येणार ना? 

इथे "हो" एवढंच म्हणायचं होतं रे. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा. आप्पांनी फेटा सावरला आणि भाऊबंदांपुढे बोलावं तसं खणखणीत आवाजात म्हणाले, "पोरानं धाडलं तर यीन. ठिवून घेतलं तर ऱ्हाईन. पोराच्या दारात मरन यायला बी नशीब लागतं बाई."

मी जसंच्या तसं सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं. मला विचारलं, ते नेमकं असंच म्हणाले का? मी म्हटलं, हो, नेमकं असंच. 

बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं, "झालं का काम?" मी म्हटलं, नाही झालं. ते पायरीवर थांबले. "का गं? मी काय वाईट बोललो का? पोराचं नाव तर मोठं केलं." मी त्यांना अजूनही नीट समजावून सांगू शकलेले नाही. त्या देशाला असा माणूस हवा असतो ज्याचा जीव इथे अडकलेला आहे, आणि आप्पांनी तर आपला जीवसुद्धा तुझ्या ताब्यात असल्याचं सांगितलं. आपल्याकडे याच्याहून मोठा मान बाप मुलाला काय देणार?

तू फोनवर म्हणालास, "आई, तुला इंग्रजी येतं ना? मग वेगळं काहीतरी सांगायचं होतंस. तिला काय मराठी कळत होतं?" 

कळत नव्हतं. हे वाक्य रोज माझ्या मनात येतं. भाकरी थापताना येतं, मुलींना शिकवताना येतं. 

बाकीचं उद्या लिहिते. आप्पा हाक मारत आहेत.

१३ फेब्रुवारी

काल आप्पांनी हाक मारली ती कुणाला लिहितेस हे विचारायला. कानिफला म्हटल्यावर म्हणाले, "त्याला इचार, पुन्याचं काय म्हनतो."

तेच मी कालपासून टाळत होते. आता लिहिते.

आप्पांना रात्री आडवं होता येत नाही. मागे उशा रचून बसल्या बसल्या झोपतात. ओट्यावरून न्हाणीपर्यंत जाताना मध्ये भिंत धरून उभे राहतात, आणि कुणी पाहिलं तर भिंतीचा पोपडा बघतोय असं दाखवतात. पायांना सूज आहे. नगरचे आपले राधाकृष्ण डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप फार अरुंद झाली आहे, आता अमेरिका विसरा. पुण्यात हे ऑपरेशन चांगलं होतं, त्यांचा मित्रच करतो. त्याने होळीच्या आधी दाखल करून घ्यायचं कबूल केलं आहे. मी विचारलं, होळीनंतर? डॉक्टरांनी आप्पांच्या नाडीवरचा हात काढला नाही.

आणि आप्पा नाही म्हणतात.

का, ते तुला आठवतं का बघ. त्या दिवशी फोनवर तू चिडून त्यांना म्हणालास, "आप्पा, आता तिथे पुण्याबिण्यात काही करायचं नाही. मी दुसरा मार्ग काढतो. मी सांगेपर्यंत अंगाला सुरी लावू द्यायची नाही." तू रागात बोललास आणि कदाचित विसरलासही. त्यांनी ते धरून ठेवलं आहे. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, बनुआत्या रडली. सगळ्यांना एकच उत्तर. "कारभाऱ्यानं नगं म्हनलंय."

कानिफ, तू चार वर्षांपूर्वी आला होतास, तेव्हा आप्पांनी भाऊकीला जेवण घालून आपल्या डोक्यावरचा फेटा तुझ्या डोक्यावर ठेवला. तू हसत होतास. फेटा डोळ्यांवर आला म्हणून रश्मीने फोटो काढला. आम्हीही हसलो. तुला वाटलं ती एक हौस होती म्हाताऱ्याची. पण त्या दिवसापासून या घरात तुला विचारल्याशिवाय काही झालं नाही. सूर्यफूल पेरू का बाजरी, असं त्यांनी माझ्याकडून तुला लिहून घेतलं होतं, आठवतं? तुझं उत्तर आलं तोवर लोकांची बाजरी गुडघ्याला लागली होती. मच्छिंद्रकाका म्हणाला, "दादा, तुमचा कारभारी अमेरिकेत आन पाऊस पाथर्डीत, कसं जमायचं?" आप्पा म्हणाले, "तूर पेरू उशिरानं. पन इचारल्याबिगर न्हाई." तांबडा बैल विकायचा तेव्हाही तसंच. मला त्याचं हसू यायचं. त्या वेळीच मी तुला लिहायला हवं होतं, की हा खेळ नाही, तुझे चार शब्द इथे कायदा होतात. मी गमतीच्या गोष्टी म्हणून लिहीत राहिले.

मी दोनदा फोन लावला. तुमच्या घरातलं ते यंत्र बोललं. आवाज तुझाच, पण निरोप इंग्रजीत, परक्या माणसाला सांगावा तसा. मच्छिंद्रच्या दुकानात खताच्या पोत्यांवर माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोर मी त्या यंत्राला काय सांगणार होते? फोन खाली ठेवला. तू फोन का करत नाहीस ते मला कळतं. दुसरा मार्ग अजून सापडला नसेल आणि रिकाम्या हाताने बापाशी काय बोलायचं असं तुला झालं असेल. लहानपणी गणित सुटलं नाही की असाच पाटी पालथी घालून बसायचास.

मार्ग सापडला नाही तर नाही सापडला. त्यात तुझी नामुष्की नाही. 

तू ये असं मी म्हणत नाही. तुझ्या हिरव्या कार्डाचे कागद अडकले आहेत, आता देश सोडलास तर परत घेणार नाहीत, हे तू सांगितलंस ते मी समजून आहे. आप्पांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याला जाऊ देईनात आन त्याला येऊ देईनात. दोनी दारं एकाच मानसाची दिसत्यात." आणि हसले. हसताना खोकला आला, मग उशांना टेकून बसले. तुझी खोली मी झाडून ठेवते, पण ती मी नेहमीच झाडते, त्याचा काही अर्थ काढू नकोस.

मला एवढंच हवं आहे. मच्छिंद्रच्या दुकानात फोन कर. इकडच्या सकाळी नऊच्या सुमाराला तो आप्पांना स्कूटरवर बसवून नेईल. तू त्यांना तुझ्या तोंडाने सांग, "आप्पा, पुण्यात करून घ्या. मी सांगतोय." कारणं देऊ नकोस. माफी मागू नकोस, ती त्यांना कळणारही नाही. कारभारी बोलतो तसं बोल. ते दुसऱ्या दिवशी गाडीत बसतील, मी ओळखते त्यांना. 

आता एक शेवटचं, मग पत्र बंद करते. मच्छिंद्र आज ते नगरच्या मोठ्या पोस्टात टाकणार आहे.

मच्छिंद्र मला परवा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणाला, "वैनी, येवढं काय त्यात? दादाला सांगा, कानिफचा फोन आल्ता, व्हय म्हनला. मी साक्षीला हाय. मानूस वाचंल, मग देवाला काय सांगायचं ते मी सांगन." मी त्याला म्हटलं, भाऊजी, असं कसं बोलता? कुणाच्या नावावर त्याने न दिलेला शब्द खपवायचा? तो म्हणाला, "तुमच्या त्या शिस्टरनं तुमाला लई शिकवलं बगा," आणि निघून गेला. 

त्याचं बरोबर आहे. मला लहानपणापासून एकच शिकवलं गेलं आणि मी ते इमानाने केलं. काचेच्या त्या खिडकीशीही केलं. समोरची बाई मराठी जाणत नव्हती, माझ्या शेजारचा माणूस इंग्रजी जाणत नव्हता, दोघांच्या मध्ये मी एकटी होते, आणि एक वाक्य बदललं असतं तर आज तुझ्याकडच्या खोलीत आप्पा संस्कृतीचं नाक बघत बसले असते. खरं बोलल्याचा मला आयुष्यात कधी पश्चात्ताप झाला नव्हता. या वयात तो शिकते आहे.

म्हणून तुला सांगून ठेवते. हे पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतील. मी महिनाअखेरपर्यंत तुझ्या फोनची वाट पाहीन. तोवर फोन आला नाही, तर मी आप्पांच्या समोर बसेन, त्यांच्या डोळ्यांत बघेन आणि सांगेन की कानिफचा फोन आला होता, पुण्याला जा म्हणाला. ते विचारतील, "नेमकं असंच म्हनला का?" मी म्हणेन, हो, नेमकं असंच.

ते माझ्यावर विश्वास ठेवतील. चाळीस वर्षांत त्यांना दुसरं काही करायची वेळच आलेली नाही. मग पुण्यात जे व्हायचं ते होईल, चांगलं किंवा वाईट, आणि ते तुझ्या शब्दावर झालं असं ते समजतील. तो शब्द खरा तुझा असावा, एवढीच माझी इच्छा आहे.

रश्मीला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावरही नाही. 

तुझी,
आजपर्यंत खोटं न बोललेली,
आई