खोट्या पेशंटचे मार्क

२ फेब्रुवारी
नवा फतवा. आता विद्यार्थ्यांच्या परीक्षेला खरा पेशंट नाही. तुळसाबाई नावाची एक बाई रोजीवर आणली आहे. ती हार्ट अटॅकची अ‍ॅक्टिंग करणार आणि डॉक्टरने नीट ऐकलं की नाही याचे मार्कही तीच देणार. ट्रायल म्हणून आधी आम्हा प्रोफेसरांची परीक्षा! कल्पना हेडची, म्हणजे डॉ. मधुसूदनची. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पाणी कुठेतरी मुरतंय.
तीस वर्षं मेडिसिन शिकवतोय. दहापैकी दहा घेऊन दाखवतो.

५ फेब्रुवारी
दोन मिळाले. एकेचाळीस सेकंदांत निदान केलं होतं मी. बाईचा शेरा: सायबानं मले बोलूच देलं नाही. नमुना म्हणून बसवलेल्या गार्गी नावाच्या विद्यार्थिनीला आठ. ती बाईला गाव काय, नातवंडं किती, विचारत बसली होती. याला मेडिसिन म्हणायचं?
परीक्षेआधी मधुसूदन त्या बाईला चहा पाजत होता. स्वतः पाहिलं. चहा फुकट पाजत नाही कोणी.
जिन्यात छातीत जळजळ. सकाळच्या पोह्यांवरची झणझणीत तर्री. उद्यापासून कोरडे पोहे.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
पोहे कोरडेच खाल्ले. तर्री वाटीत वेगळी घेतली. जळजळ आहेच. डावा खांदाही दुखतोय, बॅग बदलावी. प्रेमिला म्हणते, ईसीजी काढून घ्या. तीस वर्षांत माझ्या बायकोने कधी ईसीजीचं नाव काढलं नव्हतं. हिला कोणी पढवलं?
ईसीजी काढला की बातमी मधुसूदनकडे जाणार. मग तब्येतीचं निमित्त करून माझं युनिट काढून घेणार. डाव ओळखला.
संकल्प: तुळसाबाईवर नजर ठेवणे.

१२ फेब्रुवारी
(संध्याकाळी, आयसीयूतून. डावा हात हलवू देत नाहीत.)
लिफ्ट बंद होती. नेमकी आजच? तीन मजले चढून परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर टेकलो. घाम थांबेना. समोर तुळसाबाई. बघतच राहिली. म्हणाली, "सायेब, हे तं माहं काम आहे. तुमी काहून करून राहिले?"
अ‍ॅसिडिटी आहे, तुम्ही तुमचं पाहा, असं सुनावलं. तिने सरळ गार्गीला हाक मारली. गार्गी शेजारी येऊन बसली. मी खोचकपणे म्हटलं, आधी माझं गाव विचार.
तिने विचारलं.
दर्यापूर, म्हटलं. आणि का कोण जाणे, आठवडाभराचं सगळं सांगून टाकलं. जिना, खांदा, वाटीतली तर्री. भीती वाटत होती, तेही. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग तिथेच ईसीजी निघाला, आणि दुपारी दोन स्टेंट.

१६ फेब्रुवारी, वॉर्ड
मधुसूदन रोज येतो. युनिट तुमचंच आहे म्हणतो. न विचारता सांगतो, म्हणजे काहीतरी आहे.
आज तुळसाबाई भेटायला आली. सहज विचारलं, पेशंट म्हणून मला किती मार्क?
"दोनच, सायेब. तुमी खरं सांगतच नाही."
वाद घातला नाही. तिच्यासाठी चहा मागवला, साखर मी स्वतः घातली. कप तिच्या हातात देत होतो, तेवढ्यात दारात मधुसूदन. त्याने पाहिलं.