हाई गाडी आपलीच शे ना?

प्रिय माय,

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरीही लिहायला बसलो आहे. तुझं तेरावं आटोपून परवा जळगावला होस्टेलवर आलो. पोचल्याचं कार्ड आबांना टाकलं. बुडलेल्या तासांची टिपणं उतरवून घेतली. पण एक गोष्ट छातीवर बसली आहे आणि ती सांगायला माणूस नाही. खोलीतला पाटील चांगला आहे गं, पण माझं मुंडण केलेलं डोकं पाहिलं की तो पुस्तकात तोंड घालतो. मग तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

माझं ध्यान थाऱ्यावर नसतं, हे मी चालायला लागलो तेव्हापासून तू म्हणत आलीस. "तुनं ध्यान कोठे शे रे?" दिवसातून दहा वेळा! कॉलेजात आल्यावर तर कहरच झाला. पहिल्या आठवड्यात एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात पाटलाची चप्पल घालून वर्गात गेलो. लॉजिकच्या तासाला म्हणून शिरलो तो रसायनाच्या वर्गात, आणि अर्धा तास काही कळेना तरी मान हलवत बसलो. हजेरीला "येस सर" म्हणायचं, तिथे माझ्या तोंडून "शे सर" निघालं. मुलं मला अजून 'शेसर' म्हणतात. या गोष्टी मी तुला सुट्टीत सांगणार होतो, पदराआड हसतेस तशी हसली असतीस.

पण पुढच्या गोष्टीला तू हसली नाहीस. तुला कार्ड लिहीत होतो. "इकडील सर्व क्षेम आहे. माझे एक धोतर घरी राहिले आहे, ते कोणाबरोबर तरी पाठवावे." तेवढ्यात टाकाच्या निबात कापसाचा तंतू अडकला. टीपकागद सापडेना. मी काय केलं? समोरच्या कार्डाचाच कोपरा फाडला, निब पुसलं, पत्ता लिहिला आणि कार्ड पेटीत टाकून मोकळा झालो.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याचं कार्ड. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. कोणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. पण विचारायला होतं कोण?

पोस्टमनने ते कार्ड उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि निघून गेला. आबा दोंडाईच्याला गेलेले. असलं कार्ड कोणी घरात घेत नाही, कोणी वाचून दाखवत नाही. तू एवढंच विचारलंस, "कोठून उनं?" शेजारच्या पोरीने शिक्का पाहून सांगितलं, जळगावहून. जळगावात आपलं होतं कोण? मी एकटा. तू चूल विझवलीस आणि नरडाण्याच्या स्टेशनाकडे चालायला लागलीस. आगगाडीत तू एकटी कधी बसली नव्हतीस!

होस्टेलच्या पायऱ्यांशी तू पोचलीस तेव्हा बारा वाजून गेले होते. खांद्यावर पंचा टाकून, शीळ घालत मी जिना उतरत होतो. तुझा आवाज आधी ऐकू आला. तू पहारेकऱ्याला विचारत होतीस, "मना वसंताले कोठे ठेयेल शे?" कुठे ठेवलं आहे म्हणून! पडवीतल्या सगळ्या मुलांनी ते ऐकलं.

मला पाहिलंस आणि जवळ येऊन माझे कान चाचपलेस, नाक चाचपलंस. मग पायरीवर मटकन बसलीस. म्हणालीस, "पानी दे."

आणि मी? मी चिडलो. मुलं हसत होती, तुझे पाय धुळीने माखलेले, आणि मी तुझ्याशी आपल्या बोलीतसुद्धा बोललो नाही. मुलांच्या देखत पुस्तकी मराठीत म्हणालो, "अगं, कार्ड कोणाकडून तरी वाचून घ्यायचं ना!" "मढाना कागद कोन वाची दखाडस, भाऊ?" एवढंच बोललीस. मला भाऊ म्हणालीस, लाडाने. तो लाडही मला नको झाला होता.

खाणावळीत तुला जेवायला बसवलं. अर्धी भाकरी खाल्लीस. चार वाजता तुला स्टेशनावर नेलं, खरं तर पडवीतून कधी एकदा तुला बाहेर काढतो असं झालं होतं. फलाटावर गाडी उभी होती, बायकांच्या डब्यात जागा होती, तुला चढवलं. मनात काय चाललं होतं ठाऊक आहे? रात्री जेवताना मुलं आपली नक्कल कशी करतील, ते. तू खिडकीतून विचारलंस, "हाई गाडी आपलीच शे ना रे?"

मी म्हटलं, "हो हो. बस तू." आणि वळलो. गाडी सुटेपर्यंत थांबलोही नाही.

त्यानंतर मी सुधारलो, माय. अगदी मन लावून सुधारलो. प्रत्येक कार्ड पेटीत टाकण्याआधी त्याच्या चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवायचो. चप्पल दोनदा पाहायचो. वर्गात शिरताना दारावरची पाटी वाचायचो. एका चुकीने शहाणा झालो, असं मला वाटायचं. कार्डाची गोष्ट मी मुलांना रंगवून सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "पण तिला गाडीत नीट बसवून दिलं." त्या दिवसातलं एवढंच तर माझ्याकडे चांगलं होतं!

माघात तुला ताप आला आणि आठ दिवसांत तू गेलीस. मला यायला उशीर झाला. तेही जाऊ दे. दहाव्याला नदीवरून आल्यावर शेजारची काकू सगळ्या बायांसमोर मला म्हणाली, "वसंता, पोऱ्या असावा तं तुनासारखा. मायले रातभर ठी लिधं, जिलबी खावाडी, बठ्ठं जयगाव दखाडं. मरेपर्यंत सांगे ती."

रातभर ठेवून घेतलं? जिलबी? मी तर तुला चार वाजता गाडीत बसवलं होतं. मी काही बोलणार, तोच धुळ्याची अक्का माझ्याकडे बघायला लागली. तुझ्या नणंदेची नजर तुला ठाऊकच आहे. मला गोठ्यामागे नेऊन तिने सांगितलं.

ती आपली गाडी नव्हतीच. मुंबईकडे जाणारी होती. आपली सुरतेकडची मागून येणार होती, आणि मी फलाटावरची पाटीही वाचली नव्हती. तू चाळीसगावाकडे गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या गाडीने अक्काच्या दारात उभी राहिलीस. तिथून मोटारीने घरी. मधल्या त्या रात्री तू कुठे उतरलीस, कुठे बसलीस, कोणी काय बोललं, ते अक्कालाही सांगितलं नाहीस. म्हणालीस, "मनी गाडी चुकनी." तुझी! आणि अक्काला शपथ घातलीस, "वसंताले सांगू नको. त्यानं ध्यान अभ्यासावरतून उडी जाई."

का गं असं केलंस? मला दोन शिव्या द्यायच्या होत्यास. नको तिथे कोपरे तपासत बसलो मी इतके महिने. जी चूक खरी होती ती तू माझ्यापासून लपवून ठेवलीस, आणि वर गावभर माझं कौतुक केलंस. दिवाळीत मी घरी आलो, तुझ्या हातचं खाल्लं, तुझ्यासमोर बसून पाटलाच्या चपलेची गोष्टही अर्धीच सांगितली. तेव्हा तरी सांगायचंस!

आणि ती जिलबी. रोज रात्री मला तिचाच विचार येतो. आबांना काहीतरी सांगायचं होतं तर "पोऱ्यानी ठी लिधं" एवढं पुरलं असतं. जिलबी कशाला? जळगाव पाहिल्याचं कशाला? मग कळलं. पायऱ्यांवर बसली होतीस तेव्हा तुला तेच हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, "माय, आता आलीच आहेस तर राह्य आठे आजनी रात." एवढंही मला सुचलं नाही गं.

काकूपुढे मी गप्प राहिलो, हेही तुला सांगतो. दहाव्याचं निमित्त होतं, आबा समोर बसले होते, अशी कारणं मी स्वतःला देतो. खरं म्हणजे ते कौतुक मला सोडवेना. इथे मला कोणी ओळखत नाही. तिथे निदान आईला जपणारा पोरगा तरी होतो.

पण हे चालायचं नाही. अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुझ्या नावाची पहिली घागर भरायची आहे, तुला पाणी पोचावं म्हणून. मी येणार आहे. घागरीला हात लावण्याआधी आबांसमोर, काकूसमोर, अंगणातल्या सगळ्यांसमोर सांगेन की मी तुला ठेवून घेतलं नाही, जिलबी दिली नाही, आणि तू विचारलंस तेव्हा पाटीकडे न बघता हो म्हणालो. तू रागावशील. गावात माझं नाव तू मोठ्या कष्टाने केलंस, आणि मी ते पुसायला निघालो. रागव. पण त्या रात्री तू माझ्याकडे नव्हतीस, वाट चुकून कुठेतरी होतीस, एवढं तरी लोकांना कळू दे. नाहीतर ती रात्र कोणाच्याच हिशेबात राहणार नाही, आणि तू तिथे एकटीच बसून राहशील.

मग घागर भरेन. तोवर पाणी पिऊ नको असं म्हणवत नाही, पण थोडी थांब.

तुझा,
बेध्यानी
वसंता