पाटाच्या तोंडचा तांदूळ

जिंझू नदीकाठ, तोयामा
२० ऑक्टोबर १९६७

चि. फुमिएस आशीर्वाद.

इकडे कापणी उरकली. एइकिची बरा आहे. तू माहेरी गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून हा तुझा नवरा घरात बोलायचंच विसरलाय, एवढंच. तिकडे हिमी गावात समुद्राचा वारा सुटला असेल. कंबर शेकत जा.

माझं म्हणशील तर अंथरुणावर आहे. परवा खोकले आणि बरगडी मोडली. नुसती खोकले. उंचीही वीतभर घटलीय, किमोनो जमिनीवर लोळतो.

डॉक्टर म्हणाले, "आजी, वरच्या खाणीतून कॅडमियम नावाचा धातू नदीत येतो. भातातून, पाण्यातून पोटात जातो. आधी मूत्रपिंडं नासतात, मग हाडांचा कस लघवीवाटे निघून जातो."

"म्हणजे देवाचा कोप नाही?"

"नाही."

"आणि आळसही नाही?"

हा प्रश्न त्यांना कळला नाही. तुला कळेल.

आपलं पाटाच्या तोंडचं खाचर आठवतं? नदीचा गाळ पहिल्यांदा तिथेच बसायचा, रोपं खुरटायची. तो तांदूळ विकायला लाज वाटे, म्हणून घरात ठेवायचे. पुरुषांना चांगला, तुझ्या-माझ्या वाडग्यात तो. एकोणीस वर्षं मी स्वतःच्या हातानं वाढला. सगळ्यात जास्त धातू त्याच खाचरात निघालाय. मी त्याला काटकसर समजत होते.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. वसंतात तपासणीवाले आले होते. त्यांच्या यादीत तुझं नाव होतं. मी म्हणाले, "सून माहेरी असते, ठणठणीत आहे." तुझ्या सायोचं लग्न जमत होतं गं. असल्या दुखण्याच्या घरातली मुलगी कोण करतं? सहा महिने मी गप्प बसले.

गेल्या आठवड्यात मध्यस्थ बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "मुलीची आई जरा आळशी होती म्हणे?"

सायो म्हणाली, "आळशी नव्हती, तिची हाडं दुखत होती. आजीचीही दुखतात. चहा घ्या, गार होतोय."

बाई चहा टाकून गेल्या. लग्न मोडल्याचं मला फारसं वाटलं नाही. पोरीनं जे बोलून दाखवलं ते मी बोलायला हवं होतं, याची मात्र शरम वाटली.

रविवारी सायो तुझ्याकडे येईल. तिच्याबरोबर इस्पितळात जा, लघवी तपासून घे. उशीर झाला असेल तर तो माझ्यामुळे. परत ये असं म्हणत नाही. नदीचं पाणी अजून तेच आहे.

तपासणीचा तुझा अर्ज मी इथूनच भरून देतेय. 'दुखणं कधी सुरू झालं' असा त्यात रकाना आहे. तुला कदाचित सांगता येणार नाही, मला पक्कं ठाऊक आहे. लिहिलंय: १९५९ची भातलावणी. सासूनं पहिल्यांदा आळशी म्हटलं, त्या दिवशी.

खाली सही माझीच आहे.

ओताके